वजन उतरवण्याचा आयुर्वेदिक क्रम : मोजपट्टी आधी, चूर्ण शेवटी

नाशिकमध्ये लठ्ठपणासाठी आयुर्वेदाकडे येणारी बरीच माणसं शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी मेदोहर गुग्गुळाची, म्हणजे चरबी कमी करण्याच्या गोळ्यांची, डबी येते, मग सकाळचं गरम पाणी-मध-लिंबू, पंधरा दिवसांनी रात्रीचं जेवण बंद. महिन्याभरात दोन-तीन किलो उतरतात आणि गणपती-दिवाळीत व्याजासकट परत येतात. मग ‘आयुर्वेद आपल्याला लागू पडत नाही’ असं ठरतं. औषध बहुतेक वेळा ठीकच असतं, चुकलेला असतो तो क्रम. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिले चार नीट झाले तर पुढच्या काहींची गरजच पडत नाही.

## सुरुवातीआधी : हे स्वतःच्या मनाने करू नका, जर…

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल. वय अठराच्या आत असेल. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील. दिवसभर उपाशी राहून रात्री भसाभस खाणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढणं अशी सवय असेल. अशांनी आहारातला बदलसुद्धा डॉक्टरांना सांगूनच करायचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर एक जेवण गाळलं तरी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी हे ‘मेद जळतोय’ याचं लक्षण नव्हे. ताबडतोब साखर खा आणि डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

## टप्पा १ : मोजमाप आणि तपासण्या

वजनकाटा एकटा पुरत नाही. शिंप्याकडे असते तशी टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा बसतो ती जागा धरू नका, ती पोटाच्या खाली असते. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढायचा तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो असेल तर बीएमआय येतो जवळपास २९.७. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांतला ३० चा आकडा बघून निर्धास्त राहू नका.

मग रक्त तपासून घ्या : टीएसएच (थायरॉइडसाठी), उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). रक्तदाबही पाहा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (बीजकोशाशी जोडलेल्या विकाराची) तपासणी. हे सगळं कशाला, तर थायरॉइड मंदावलेला असताना नुसतं ताट बदलून वर्ष घालवण्यात अर्थ नाही. स्टेरॉइड आणि मानसिक आजारावरची काही औषधंही वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.

इथे तपासा : रात्री जोरात घोरता, मधेच दचकून उठता आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते? मग ही नुसती ‘कफाची सुस्ती’ समजू नका. झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो, त्याची वेगळी तपासणी असते.

पहिलं उद्दिष्ट आत्ताच कागदावर लिहा : सध्याच्या वजनाच्या ५ टक्के. ७८ किलोच्या माणसासाठी ते होतं साधारण ४ किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक दिसायला लागतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे. त्याहून घाई केली की स्नायू झडतात, केस गळतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

## टप्पा २ : आठवडाभर फक्त लिहा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. एक साधी वही घ्या आणि पोटात जाईल ते वेळेसकट लिहा. ‘नाश्ता – पोहे’ असं नाही. ‘सकाळी ९, पोहे दीड प्लेट, वरून शेव, चहा दोन चमचे साखर’ असं.

वहीत नेहमी काय सापडतं ते सांगतो. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, आणि माणूस शपथेवर सांगत असतो की मी गोड खात नाही. पोरांच्या ताटात उरलेलं आईच्या पोटात गेलेलं असतं. पाच वाजता ऑफिसात कोणी फोडलेला चिवडा. स्वयंपाक करताना ‘मीठ बघितलं’ त्याचे चार घास. रविवारची मिसळ मात्र सगळे इमानदारीत लिहितात, कारण ती लक्षात राहते.

वहीत आणखी दोन गोष्टी टिपा : दुपारची झोप किती आणि रात्रीचं जेवण किती वाजता.

## टप्पा ३ : भूक, वेळा आणि झोप

इथे ग्रंथातलं एक निरीक्षण समजून घ्यावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं फसतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २१ व्या अध्यायात म्हटलंय, की अतिस्थूल माणसाचे मार्ग मेदाने अडतात, वायू कोठ्यातच (पोटातच) फिरत राहतो आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, भडकवतो. म्हणून खाल्लेलं लवकर पचतं आणि पुन्हा खा-खा सुटते. जाड माणसाला भूक कमी लागायला हवी, ही घरच्यांची समजूत चुकीची आहे. त्याची भूक खरी असते. ती दाबून ठेवली की आठव्या दिवशी बांध फुटतो.

त्यामुळे या टप्प्यात कमी खायचं नाही, वेळेवर खायचं.

मोठं जेवण दुपारी. रात्रीचं जेवण हलकं आणि झोपण्याआधी किमान अडीच-तीन तास. जेवताना मधेमधे घोट-घोट पाणी प्या, जेवण संपल्यावर तांब्याभर नको. अष्टांगहृदय या दुसऱ्या आयुर्वेद ग्रंथात जेवणानंतर पाणी पिण्याची सवय स्थूलतेशी जोडलेली आहे. दोन जेवणांच्या मधे तहान लागली तर पाणी जरूर प्या. चहा हे पाणी नव्हे.

दुपारची झोप बंद. उन्हाळ्यात इतरांना दिवसा झोपायची सवलत आहे, पण मेदस्वी माणसाला चरकांनी ती कधीच दिलेली नाही. फार डोळे मिटले तर खुर्चीत बसून दहा मिनिटं. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचं काय? त्यांची सोय अष्टांगहृदयात आहे : जागरण झालं असेल तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, पण न जेवता. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. पाळीवरून येताना वडापाव, घरी पोटभर नाश्ता आणि मग पडदे ओढून ताणून देणं. हा एक क्रम बदलला तरी पाळीवाल्यांचा पोटाचा घेर हलायला लागतो. फक्त रोजच रात्रपाळी असेल तर एकूण झोप सहा-सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. उरलेली झोप दुपारच्या जेवणाआधीच संपवा. अर्धवट झोपेने भूक आणखी वाढते.

हमखास होणारी चूक : लंघन म्हणजे उपवास असं धरून बसणं. चरकांनी लंघनाचे, म्हणजे अंग हलकं करणाऱ्या उपायांचे, दहा प्रकार सांगितलेत. त्यांत व्यायाम आहे, ऊन आहे, वारा आहे, पाचन आहे, उपवास त्यांतला फक्त एक. आणि आपला उपवास कसला, ‘एकादशी दुप्पट खाशी’! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी ज्या दिवशी खाल्ली, तो दिवस वहीत लाल शाईने लिहा.

## टप्पा ४ : ताट बदला

सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त टंगळमंगळही इथेच होते.

स्थूल माणसासाठी चरकांचं सूत्र आहे ‘गुरु आणि अपतर्पण’. पोटाला जड लागेल, बराच वेळ टिकेल, पण अंगाला फार पोसणार नाही असं अन्न. नुसतं हलकं अन्न दिलं तर भडकलेला अग्नी ते तासाभरात संपवतो. म्हणून रात्री सूप पिऊन झोपणारा माणूस साडेअकराला फ्रीज उघडतो.

धान्यांत त्यांनी जव, वरी-सावा, कोद्रा आणि कडधान्यांत मूग, कुळीथ (हुलगे) ही नावं घेतली आहेत. नाशिककराला ती शोधायला लांब जावं लागत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात नागली (नाचणी) आणि वरई (हिचीच भगर) पिकते, आणि भगरीच्या गिरण्या तर नाशिकचीच ओळख. नागली चरकांच्या त्या यादीतली नसली तरी काम त्याच जातीचं करते. जव रविवार कारंजाकडच्या किराणा दुकानांत मिळतात, पण मागताना ‘जव’ म्हणूनच मागा. जवालाच सातूही म्हणतात, पण तयार सातूच्या पिठात बहुधा गहू आणि डाळं असतं.

बदल असा करा :

१. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या पोळ्यांच्या जागी नागलीची किंवा ज्वारीची एक भाकरी. पीठ उकळत्या पाण्यात मळा म्हणजे थापताना चिरणार नाही.

२. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या भाताच्या जागी आठवड्यातून तीन दिवस भगर. आधी कोरडी भाजून घ्या, मग तिप्पट पाण्यात मोकळी शिजवा. भाजल्याने ती हलकी होते आणि गिचका होत नाही.

३. तिसऱ्या आठवड्यापासून रोज एक कडधान्य : मूग, मटकी किंवा हुलगे. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ-वरण, उरलेला पाव भाग धान्य.

धान्य जुनं घ्या, निदान वर्षाचं. नवं धान्य ग्रंथांत कफ वाढवणारं मानलंय. मधाचंही तसंच, नवा मध पोसणारा आणि जुना लेखन करणारा, म्हणजे मेद खरवडणारा.

मोठा सापळा : नागली आणि भगर खाल्ल्याने वजन ‘जळत’ नाही. कुठलंही धान्य कोरडं १०० ग्रॅम घेतलं तर सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरींच्या घरातच असतं. फायदा एवढाच की पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं. दोन पोळ्यांच्या जागी तीन जाडजूड भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा आणि ठेचा तेलात कालवलेला, हे खाऊन वजन का उतरत नाही असं विचारणारे दर महिन्याला भेटतात.

हुलग्याचं कढण असं करा. मूठभर हुलगे रात्री भिजत घाला. सकाळी सहापट पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या आणि पाणी गाळून घ्या. अर्धा चमचा तेलात जिरं, हिंग, दोन पाकळ्या ठेचलेला लसूण, त्यावर हे पाणी, एक आमसूल, चवीला मीठ. रंग मातकट येतो, वास मात्र घरभर सुटतो. गाळलेले हुलगे टाकू नका, दुपारी उसळ होते. जेवणाआधी एक वाटी कढण प्यायलं की घास आपोआप कमी होतात. आम्लपित्त असेल, तोंड येत असेल किंवा पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर हुलगे उष्ण पडतात. तिथे मुगाचं कढण करा.

तेल मोजून. घरात चार माणसं असतील तर महिन्याला दोन लिटरच्या पुढे डबा जाऊ देऊ नका. रात्री दही नको. दुपारी पातळ, लोणी काढलेलं ताक चालेल, जिरेपूड घालून.

मिसळ सोडा असं मी नाशिककराला सांगणार नाही, कोणी ऐकतही नाही. महिन्यातून दोन रविवार. उसळ वाढवून घ्या, तर्री वेगळ्या वाटीत, पाव एक, फरसाण वरून चिमूटभर, सोबतची जिलबी बरोबरच्या माणसाला. त्या दिवशी दुपारी भूक लागली तरच जेवा. द्राक्षांच्या हंगामात ओळखीच्या बागायतदाराकडून पेटी घरी येते, तेव्हाही तेच : मूठभर, दुपारी, टीव्हीसमोर घड घेऊन बसायचं नाही.

मध-पाण्याबद्दल : मधूदक ग्रंथात आहे, पण मध तापवू नये असंही ग्रंथातच आहे. पाणी उकळून पूर्ण निवू द्या, मग एक चहाचा चमचा जुना मध. चमच्याला २० कॅलरी आहेत हे विसरू नका. मधुमेह असेल तर हे करूच नका. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर अर्धा ते एक तास साध्या पाण्याशिवाय काहीच घ्यायचं नाही, मध-लिंबूही नाही.

## टप्पा ५ : व्यायाम, अर्ध्या ताकदीचा

चरक ‘क्रमाने वाढवा’ म्हणतात, आणि ‘अर्धशक्ती’ची खूण सुश्रुतांनी सांगितली आहे : नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागला की निम्मं बळ संपलं. तिथे वेग कमी करा. घड्याळ नसलं तरी चालतं.

पहिले दोन आठवडे रोज २० मिनिटं सपाट चालणं. गोदापार्क, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान, जे घराजवळ असेल ते. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ४५ पर्यंत न्या. आठवड्यात दोन दिवस उठाबशांऐवजी खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. स्नायू टिकवायला हे लागतं, नुसत्या चालण्याने ते होत नाही.

पहिल्याच रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जाणाऱ्यांची गुडघेदुखी सोमवारी दवाखान्यात येते. चढताना दम लागतो, पण गुडघ्याचं नुकसान उतरताना होतं. वजन थोडं उतरलं आणि मांड्यांत जोर आला की मग जा. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, चालताना बोलताही न येणारा दम : थांबा आणि थेट रुग्णालयात जा.

## टप्पा ६ : उद्वर्तन

उद्वर्तन म्हणजे अंगाला कोरडं चूर्ण चोळणं. त्रिफळा चूर्ण आणि हुलग्याचं पीठ समप्रमाणात घेऊन चाळा. एका वेळेला १०० ग्रॅम पुरतं. न्हाणीघराबाहेर जुनी चादर नाहीतर वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर मोरीचं तोंड बुजतं. त्वचा कोरडी असेल तर आधी तेलाचा नुसता हात फिरवा. मग कोरडं चूर्ण खालून वर, म्हणजे पायाकडून मांडीकडे आणि मनगटाकडून खांद्याकडे चोळा. पोटावर गोल. १५ मिनिटं, मग कोमट पाण्याने आंघोळ. आठवड्यातून तीनदा.

फुगलेल्या शिरा, इसब, जखम किंवा पुरळ असलेल्या जागी चोळू नका. उद्वर्तनाने अंगाचा जडपणा जातो, घामाचा वास कमी होतो. काट्यावर मात्र त्याचा आकडा शोधू नका. वाफेच्या पेटीतून निघून किलोभर कमी झाल्याचं दाखवतात ते पाणी असतं, दोन ग्लास प्यायलात की परत.

## टप्पा ७ : आता औषध

इथवर सहा ते आठ आठवडे झालेले असतात. घेर कमी होतोय, भूक ठिकाणावर आहे, पोट साफ होतंय? मग औषधाची घाई नको. अडलंय असं वाटलं तर वैद्याकडे जा, वही आणि रिपोर्ट घेऊन.

वैद्य निवडताना बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक पाहा. तो विचारण्यात संकोच नको. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येतं.

जाहिरातीवरून औषध घेऊ नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे ‘३० दिवसांत १० किलो, हमखास’ असं छापणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडतो. मोबाइलवर दिसणाऱ्या विनालेबल पुड्यांना तर हातही लावू नका.

नेहमी लिहून दिली जाणारी काही औषधं आणि त्यांच्या अडचणी :

त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्यासोबत साधारण ३ ग्रॅम. हे पोट साफ ठेवायला आहे. जुलाब झाले तर बंद.

गुग्गुळाच्या गोळ्या (त्रिफळा गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ) काहींना पुरळ आणि पोटदुखी देतात, गरोदरपणात नकोतच. डिल्टियाझेम, प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाब-हृदयाची औषधं गुग्गुळामुळे शरीरात कमी शोषली जातात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर वैद्याला आधी सांगा.

आरोग्यवर्धिनी या गोळीत पारा-गंधकाची कज्जली (दोन्ही खलून केलेली काळी पूड), ताम्र आणि लोहाची भस्मं असतात. मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं गिळायचं हे औषध नाही. वैद्याने दिलेल्या मुदतीपुरतं घ्यायचं, मधे यकृत आणि मूत्रपिंड तपासायचं. लोह किंवा मंडूर (तेही लोहाचंच) असलेलं औषध थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.

लगेच थांबवा : लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, सतत मळमळ. डबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. ग्रीन टीचा अर्क आणि गार्सिनियाच्या कॅप्सूल यांच्याही बाबतीत हेच. ‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणून यकृत त्यांना सोडत नाही.

## टप्पा ८ : पंचकर्म, लागलं तरच

त्रिफळ्याचा काढा, गोमूत्र, मध आणि क्षार यांची लेखन बस्ती (औषधी एनिमा) स्थौल्यात, म्हणजे लठ्ठपणात, देतात. ऋतूही ठरलेले आहेत : वमन (औषधाने उलटी) वसंतात, बस्ती पावसाळ्यात, विरेचन (औषधाने जुलाब) शरदात. डिसेंबरच्या थंडीत कोणी सवलतीत वमनाचं पॅकेज देत असेल तर तिथून निघा. रक्तदाब, ईसीजी आणि रक्ततपासणी न करता वमन-विरेचन देणारी जागा दवाखाना नसते. आणि नंतरचं संसर्जन, म्हणजे पेज, मग मऊ भात, मग मुगाचं कढण असा चढता क्रम, तो पाळायला आठवडाभर रजा नसेल तर पंचकर्म पुढे ढकला. अशा शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनानंतर, तिसऱ्या दिवशी लग्नात जेवून आलेल्या माणसाचे पैसे आणि पोट दोन्ही वाया जातात.

## टप्पा ९ : आढावा

वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचानंतर, काही न खाता. घेर दर पंधरा दिवसांनी. वजन अडलं पण घेर कमी होतोय, तर काहीही बदलू नका. तीन आठवडे दोन्ही अडले तर वही पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा तेल किंवा चहाची साखर गुपचूप परत आलेली असते. तीन महिन्यांनी साखर, लिपिड, एसजीपीटी पुन्हा करा. वजन उतरताना मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जास्त पडायला लागतात, तेव्हा डोस कमी करून घेणं डॉक्टरांकडून वेळेवर व्हायला हवं.

पाच टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं की महिनाभर तिथेच थांबा. औषध चालू असेल तर वैद्याला विचारून याच महिन्यात कमी करत आणा, जेवण आणि चालणं तसंच ठेवा. आकडा टिकला तर पुढचे पाच टक्के धरा. दोन किलो परत चढले तर औषध वाढवायचं नाही, टप्पा ३ वर परत जायचं.